बोटीत बसायच्या आधीचं गाव : बॉस्टनच्या फ्रँकलिनांचं एक्टन (आणि थोडी मदत हवी आहे)

आरती_नॉर्दम्प्टन

नमस्कार मंडळी,

माझी मावसबहीण लग्नानंतर बॉस्टनजवळ राहते. तिचे सासरे 81 वर्षांचे आहेत. आपलं घराणं सतराव्या शतकात इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आलं, एवढं त्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कुठल्या गावाहून आलं, हे मात्र कुणालाच माहीत नाही. "तीन भाऊ बोटीने आले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला, एक इथेच राहिला," एवढीच गोष्ट पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. गेल्या महिन्यात बहिणीशी बोलत होते, तेव्हा त्यांनी तिच्या हातून फोन घेतला आणि म्हणाले, "तू इंग्लंडमध्येच असतेस ना? माझं गाव शोधून देशील?" त्यांचा आवाज अजून कानात आहे. हो म्हणून बसले.

सुरुवात कुठून करायची कळेना, तेव्हा एखाद्या घराण्याचा असा माग पूर्वी कुणी कसा काढला ते आधी बघावं, असं ठरवलं. माझ्या घरापासून सगळ्यात जवळचं उदाहरण निघालं बेंजामिन फ्रँकलिनचं. एक्टन हे त्याच्या वडिलांचं गाव नॉर्दम्प्टनहून वेलिंगबरोला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर आहे. मागच्या रविवारी जाऊन आले. तपकिरी दगडाची घरं, मधोमध सेंट मेरी मॅग्डलीनचं जुनं चर्च. चर्चच्या आवारात फ्रँकलिनच्या थोरल्या काकाची आणि काकूची थडगी अजून आहेत.

1757 मध्ये फ्रँकलिन पेनसिल्व्हेनियाच्या कामासाठी लंडनला आला. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तरुण मुलगा विल्यम याला घेऊन तो वडिलांचं गाव शोधायला निघाला. वडील जोसाया तोवर वारले होते. आधी तो वेलिंगबरोला चुलत बहिणीकडे, मेरी फिशरकडे गेला. ती थोरल्या काकाची एकुलती एक मुलगी, वयाने पार थकलेली. तिथून एक्टनला. वडिलार्जित घर आणि जमीन मेरीकडे आली होती. भाडं नीट वसूल होईना म्हणून तिच्या नवऱ्याने ती विकून टाकलेली. मोडकळीला आलेल्या त्या दगडी घरात शाळा भरत होती, पण गावात त्याचं नाव अजून 'फ्रँकलिन हाउस'च होतं.

मग ते पाद्रीसाहेबांकडे गेले. त्यांनी चर्चची नोंदवही काढून दाखवली. जन्म, लग्नं, दफनं, दोनशे वर्षांच्या नोंदी. पाद्र्याची बायको गप्पिष्ट म्हातारी, तिला फ्रँकलिन घराण्याचं पुष्कळ आठवत होतं. तीच त्यांना थडग्यांपाशी घेऊन गेली. दगडांवर इतकं शेवाळ चढलं होतं की एक अक्षर लागेना. तिने खरखरीत ब्रश आणि पाण्याचं घंगाळ मागवलं, पीटर नावाच्या नोकराने दगड घासून काढले आणि विल्यमने अक्षरं उतरवून घेतली. हे सगळं फ्रँकलिनने 6 सप्टेंबर 1758 च्या पत्रात बायकोला लिहिलंय. मी त्याच दगडांसमोर उभी राहून ते पत्र फोनवर वाचलं.

त्याच्या हाती आलेला वंश असा : घराणं एक्टनमध्ये निदान तीनशे वर्षं. तीसेक एकरांची स्वतःची जमीन आणि जोडीला लोहारकाम. भट्टी नेहमी थोरल्या मुलाकडे जायची. आजोबा थॉमस, जन्म 1598. त्यांचे चार मुलगे मोठे झाले : थॉमस, जॉन, बेंजामिन आणि जोसाया. थोरला थॉमस लोहारकाम शिकला होता, पण पुढे दस्तऐवज लिहिणारा झाला. गावाची सगळी कामं त्याच्याच अंगावर. चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटांसाठी त्यानेच वर्गणी गोळा केली, आणि फ्रँकलिनने त्या घंटा वाजताना ऐकल्या. नदीचं पाणी कुरणांत शिरू नये म्हणून थॉमसने एक उपाय सुचवला, तेव्हा तो कुणालाच कळेना. तरी लोक म्हणाले, फ्रँकलिन म्हणतोय ना, मग होणार. हा थॉमस जुन्या पंचांगाच्या 6 जानेवारीला वारला, आणि पुढे काही वर्षांनी त्याच तारखेला त्याचा पुतण्या बेंजामिन फ्रँकलिन जन्मला. विल्यमने हे ऐकलं आणि तो म्हणाला, एकाच दिवशी घडलं असतं तर लोकांनी पुनर्जन्मच मानला असता!

धाकटा जोसाया बॅनबरीला भाऊ जॉनच्या हाताखाली रंगारी झाला, आणि 1683 मध्ये बायको अ‍ॅन आणि तीन मुलांना घेऊन बॉस्टनला गेला.

माझ्या दोन अडचणी आहेत. एक, बहिणीच्या सासऱ्यांच्या पूर्वजाचं नाव कुठल्याच बोटीच्या यादीत मिळत नाही. दोन, इथल्या एका गावात त्यांच्या आडनावाची तीन थडगी मिळाली आहेत, पण अक्षरं वाचता येत नाहीत. जाणकारांनी सांगावं.

कोकणकडा

सुंदर लिहिलंय. एक शंका. एवढा मोठा माणूस, मग जोसाया फ्रँकलिनचं नाव तरी बोटीच्या यादीत आहे का?

समीर_बे_स्टेट

कोकणकडा, नाही. जोसाया कुठल्या बोटीने आला याची यादी नाही. सालाचीसुद्धा गडबड आहे. फ्रँकलिनने आत्मचरित्रात 'सुमारे 1682' लिहिलं, प्रत्यक्षात ते 1683.

आरती, मी बॉस्टनजवळच राहतो. इथल्या ग्रंथालयात जुनी कागदपत्रं लावायला सुटीच्या दिवशी जातो, त्यावरून सांगतो. बोटीची यादी हा सगळ्यांचा पहिला हट्ट असतो, आणि तिथेच सगळे अडतात. वसाहतकाळात प्रवाशांची सरसकट नोंद ठेवायची पद्धतच नव्हती. लंडन बंदरातून 1635 मध्ये वसाहतींकडे निघालेल्या जवळपास 5,000 लोकांच्या नोंदी मिळतात, कारण त्या वर्षीची वही टिकून राहिली. ब्रिस्टलमध्ये 1654 ते 1686 या काळात करारावर बांधून घेतलेल्या नोकरांची वही आहे, त्यात दहाएक हजार नावं. ती मुख्यतः व्हर्जिनिया आणि वेस्ट इंडीजकडची. या दोन वह्यांबाहेर जे निघाले त्यांचा समुद्रावरचा कागद बहुधा नाहीच. 1620 ते 1640 दरम्यान वीसेक हजार लोक न्यू इंग्लंडला आले. त्यांतल्या कितीतरी जणांचं मूळ गाव अजून लागलेलं नाही.

म्हणून बोट सोडून द्या. अमेरिकेच्या बाजूला आधी भरपूर काम करा. पूर्वज कुठल्या टाउनमध्ये पहिल्यांदा दिसतो, शेजारी कोण, कुठल्या चर्चमध्ये सभासद झाला, जमीन कुणाकडून घेतली, लग्नाला साक्षीदार कोण, मृत्युपत्रात कुणाची नावं. ही माणसं एकेकटी येत नसत. एका पाद्रीच्या मागे अख्खा गोतावळा निघायचा आणि इथे येऊन पुन्हा शेजारी शेजारी घरं बांधायचा. तुमच्या पूर्वजाचं गाव मिळत नसेल तर त्याच्या शेजाऱ्याचं गाव शोधा.

1845 पासून बॉस्टनमध्ये न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिअलॉजिकल सोसायटी आहे. 1620 नंतरच्या पहिल्या वीस वर्षांत आलेल्या पुष्कळ माणसांची पुरावा तपासून केलेली टिपणं तिथे मिळतात. सासऱ्यांचा पूर्वज 1640 च्या आधी आला असेल, तर पहिलं पाऊल तिथे.

मोडी_लिपी

आरतीताई, धागा फार आवडला. मी पुण्यात मोडी कागद वाचायचं काम करतो. इंग्लंडच्या नोंदींचा अभ्यास एका परदेशस्थ कुटुंबासाठी दोन वर्षं केला, त्यातलं उपयोगी ते लिहितो.

चर्चच्या नोंदवह्या ठेवायचा हुकूम 1538 चा, आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने काढलेला. पण पहिल्या वह्या कागदाच्या होत्या. 1598 मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून घ्यायला सांगितलं, तेव्हा बऱ्याच ठिकाणी 1558 च्या आधीचं काही उरलं नव्हतं. एक्टनची वही फ्रँकलिनला 1555 पासून मिळाली, म्हणजे नशीबच. 1640 ते 1660 मध्ये यादवी युद्ध आणि नंतरची धामधूम, तेव्हा कित्येक वह्यांत सरळ खंड आहे. नेमकी तीच वर्षं तुम्हाला लागणार. त्या वर्षांखेरीज इतर ठिकाणी वही नसेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेल्या नकला शोधा. मूळ वही उंदरांनी खाल्ली तरी नक्कल कधीकधी सापडते.

तारखांकडे फार लक्ष द्या. 1752 पर्यंत इंग्लंडमध्ये आणि वसाहतींमध्ये नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. फ्रँकलिनच्या जन्माची नोंद 6 जानेवारी 1705, आपण म्हणतो 17 जानेवारी 1706. अकरा दिवस आणि एक साल, दोन्ही सरकतात. हे ध्यानात आलं नाही तर लग्नाच्या आधी मूल, मृत्यूनंतर मृत्युपत्र असले घोळ दिसतात आणि माणूस चांगला पुरावा फेकून देतो.

आडनावाचं स्पेलिंग मनात धरून बसू नका. लिहिणाऱ्याने कानाला आलं तसं उतरवलेलं असतं. उच्चार करून वाचा.

आणि तीन भावांची गोष्ट बाजूला ठेवा. मी जेवढी घराणी पाहिली त्यांतल्या निम्म्यांत तीन भाऊच होते. त्या भागात एकाच आडनावाची तीन कुटुंबं दिसली की पुढच्या पिढ्या त्यांना भाऊ करून टाकतात.

पिंपळपान

'फ्रँकलिन' हा मुळात एका वर्गाचा शब्द होता ना? स्वतःच्या जमिनीचा मालक, पण सरदार-उमराव नव्हे. आपल्याकडे मिरासदार आणि उपरी असा फरक होता, त्यातला मिरासदार जवळचा वाटतो.

आरती_नॉर्दम्प्टन

पिंपळपान, अगदी बरोबर. आणि यावर खुद्द जोसायाने मुलाला लिहिलेलं पत्र आहे, 1739 चं. आडनाव कुठून आलं याबद्दल त्याने चार मतं सांगितली आहेत : त्या पदवीवरून, फ्रेंच मुळावरून, वेठबिगारीतून मुक्त असलेल्या वंशावरून, किंवा लांब तांबड्या पायांच्या एका पक्ष्यावरून. भाऊ बेंजामिनने कुलचिन्हांच्या जाणकाराला विचारलं तेव्हा उत्तरेकडच्या फ्रँकलिनांचं एक आणि पश्चिमेकडच्यांचं एक अशी दोन चिन्हं निघाली, हेही सांगतो. आणि शेवटी लिहितो की आपली परिस्थिती अशी की, मनाला थोड्या गुदगुल्या होण्यापलीकडे या गोष्टींत फारसं पडण्यात अर्थ नाही. साबण-मेणबत्त्या करणाऱ्या बापाने हे लिहिलंय. मला हा माणूस फार जवळचा वाटला.

समीर, मोडी_लिपी, दोघांचे मनापासून आभार. शेजाऱ्यांवरून गाव काढायची कल्पना मला सुचलीच नव्हती. आजच बहिणीला कळवते.

वेताळटेकडी

जोसाया का गेला? धर्मासाठी की पोटासाठी? मला पोटाचं कारण जास्त पटतं. भट्टी आणि जमीन थोरल्याकडे, हा सगळ्यांत धाकटा, पदरात तीन मुलं. फ्रँकलिन स्वतः म्हणतो की पाच पिढ्या धाकट्याचा धाकटा अशी आमची ओळ. अशा माणसाला गावात उरतं काय?

समीर_बे_स्टेट

वेताळटेकडी, मला उलट वाटतं. पोटासाठी गेला असता, तर तिथे रंगाऱ्याला काम आहे का हे आधी विचारून गेला असता. बॉस्टनला पोचल्यावर त्याला कळलं की रेशीम-लोकर रंगवण्यावर कुटुंब चालणार नाही, म्हणून चरबी वितळवून मेणबत्त्या आणि साबण करायला लागला. बॅनबरीत भावाच्या जोडीने बसलेला धंदा सोडून आला होता तो.

त्या काळचा कायदा बघा. 1664 पासून घरच्या माणसांखेरीज पाच किंवा अधिक जणांनी चर्च ऑफ इंग्लंडच्या रीतीबाहेर उपासनेला जमणं गुन्हा होता. घराणं तोवर चर्चबरोबरच होतं. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीच्या अखेरीस बेंजामिन आणि जोसाया हे दोघे भाऊ नॉर्दम्प्टनशायरमधल्या चर्चबाह्य पाद्र्यांच्या मागे गेले. काही ओळखीची माणसं न्यू इंग्लंडला निघाली आणि त्यांनी जोसायाला बरोबर चल म्हटलं, असं फ्रँकलिनने लिहिलंय. पुन्हा तोच गोतावळा.

आणि ही हिंमत घरात जुनी होती. राणी मेरीच्या काळात, 1553 ते 1558 मध्ये, इंग्रजी बायबल घरात ठेवणं धोक्याचं झालं. फ्रँकलिनच्या खापरपणजोबांनी ते उघडं करून एका स्टुलाच्या बैठकीखाली फितींनी बांधलं होतं. वाचायचं असलं की स्टूल उलटं करून मांडीवर घ्यायचं आणि फितींखालून पानं उलटायची. एक पोर दारात उभं. चर्चचा शिपाई दिसला की स्टूल सरळ, बायबल खाली दडलेलं. काका बेंजामिनने ही आठवण सांगितली म्हणून ती राहिली. या काकाने 1717 मध्ये घराण्याचं टिपण लिहून ठेवलं, आणि फ्रँकलिनला इंग्लंडमध्ये काय शोधायचं हे त्यावरून कळलं.

वेताळटेकडी

स्टुलाची गोष्ट माहीत नव्हती. दारात उभं राहिलेलं ते पोर डोळ्यांसमोरून जात नाही. मुद्दा मान्य. पण धाकटेपणाही कारण होताच, तो मी सोडत नाही.

मुक्ता_सावली

थडगी घासणाऱ्या पीटरबद्दल बोलायला हवं. आरती, तुम्ही 'नोकर' लिहिलंत. पीटर गुलाम होता. फ्रँकलिन 1757 मध्ये लंडनला येताना पीटर आणि किंग अशी दोन माणसं बरोबर घेऊन आला होता. किंग पुढे निघून गेला. सफोक परगण्यात एका बाईंनी त्याला ठेवून घेतलं, लिहायला-वाचायला शिकवलं. पीटर मात्र फ्रँकलिनबरोबर राहिला. निघण्याआधी केलेल्या मृत्युपत्रात फ्रँकलिनने लिहिलं होतं की माझ्यामागे पीटर आणि त्याची बायको जेमायमा यांना मोकळं करावं. गुलामगिरीविरुद्धच्या संस्थेचा तो अध्यक्ष झाला 1787 मध्ये, म्हणजे पुष्कळ नंतर.

त्या दुपारी चर्चच्या आवारात तीन माणसं होती असं धरा. बाप आपल्या आजोबा-काकांची नावं शोधतोय, मुलगा ती वहीत उतरवतोय, आणि तिसरा पाण्यात हात घालून दुसऱ्यांच्या पूर्वजांची अक्षरं उघडी करतोय. त्याच्या आजोबांचं नाव कुठल्या वहीत होतं?

अमेरिकेत माझी एक सहकारी आपल्या घराण्याचा शोध घेते, ती आफ्रिकन-अमेरिकन आहे. ती 1870 च्या जनगणनेपाशी येऊन थांबली, कारण दक्षिणेतल्या बहुतेक गुलामांची नावानिशी नोंद पहिल्यांदा त्या जनगणनेत झाली. त्याआधीच्या यादीत मालकाचं नाव, आणि खाली वय, लिंग, रंग. तिने पुढचा शोध मालकांच्या मृत्युपत्रांतून घेतला, कारण तिच्या पणजीचं नाव तिथे गुरं आणि भांड्यांच्या ओळीत होतं. ते पान तिने मला दाखवलं तेव्हा दोघीही बराच वेळ काही बोललो नाही.

आरती_नॉर्दम्प्टन

मुक्ता, तुमचं बरोबर आहे. पत्रात नुसतं 'पीटर' आहे, मी वाचताना नोकर धरून पुढे गेले. वर बदलत नाही, तुमचा प्रतिसाद त्याखाली राहू दे म्हणून. पुन्हा त्या थडग्यांपाशी जाईन तेव्हा पीटरची आठवण पहिली येईल.

समीर_बे_स्टेट

मुक्ता, धन्यवाद. बेंजामिनच्या आईकडेही हेच दिसतं. अबाया फोल्जर ही जोसायाची दुसरी बायको. पहिली अ‍ॅन 1689 मध्ये वारली, त्याच वर्षी हे लग्न झालं. दोघींची मिळून सतरा मुलं. अबायाचे वडील पीटर फोल्जर 1635 मध्ये नॉरिचहून आले आणि नँटकेट बेटावरच्या पहिल्या वसाहतकारांपैकी एक झाले. तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांची भाषा त्यांना येत होती, जमिनीच्या व्यवहारांत दुभाष्याचं काम ते करायचे. जमीन ज्यांची होती त्यांची वंशावळ त्या व्यवहाराच्या कागदांत सह्यांपुरतीच उरली.

आता थडग्यांबद्दल सावधगिरीची एक गोष्ट. जोसाया आणि अबाया बॉस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीत आहेत. थडग्यावर संगमरवरी शिळा फ्रँकलिननेच बसवली. तिच्यावर जोसायाचा जन्म 1655 आणि वय 89 कोरलेलं होतं. एक्टनच्या वहीत जन्म 23 डिसेंबर 1657. प्रत्यक्ष मुलाने कोरून घेतलेल्या दगडावर दोन वर्षांची चूक! दगड मृत्यूनंतर बसतो, आणि मरणाऱ्याचा जन्म पाहिलेलं माणूस तेव्हा बहुधा उरलेलं नसतं. म्हणून जन्मासाठी वही, मृत्यूसाठी दगड.

श्रीपाद_नाशिक

वाचून आमच्या त्र्यंबकेश्वराची आठवण झाली. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या माणसाने स्वतः सही करून बापाचं, आजाचं, गावाचं नाव लिहायचं, अशी चाल. मी पणजोबांची मोडीतली सही तिथे पाहिली, तेव्हा बोट ठेवायचा धीर होईना. पाद्र्याच्या घरी ती वही उघडली तेव्हा फ्रँकलिनला काय वाटलं असेल ते कळतं. सासऱ्यांना गाव मिळो.

मोडी_लिपी

आरतीताई, दुसऱ्या अडचणीबद्दल. ब्रश, तारेचा काथ्या, व्हिनेगर, खडू यांतलं काहीही दगडाला लावू नका. 1758 मध्ये चाललं, आता तो दगड पापुद्र्यांनी सुटतो. ज्या चर्चचं आवार आहे त्यांची परवानगी घ्या. सूर्य अगदी खाली असताना, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. ऊन मिळालं नाही तर साधी टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटून, बाजूने धरा. उजेड तिरका पडला की झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली येते. चारही बाजूंनी फोटो काढा. एका बाजूने 'सी' वाटलेलं अक्षर दुसऱ्या बाजूने 'जी' निघतं.

आणि मृत्युपत्रं सोडू नका. 1858 च्या आधीची मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध व्हायची. कँटरबरीच्या न्यायालयातली लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, घरबसल्या शोधता येतात. छोट्या इस्टेटींची परगण्याच्या दफ्तरात. तुमचा माणूस तिकडे गेला, पण त्याचा बाप इथेच वारला. बापाच्या मृत्युपत्रात 'न्यू इंग्लंडमधल्या माझ्या मुलाला, तो हयात असल्यास, इतके शिलिंग' असं एखादं वाक्य असतं. दोन्ही किनारे जोडणारा तेवढाच कागद असतो पुष्कळदा.

आरती_नॉर्दम्प्टन

ताजी खबर देते. काल संध्याकाळी त्या गावी गेले. परवानगी आधी फोनवर घेतली होती, तिथल्या चर्चवॉर्डन बाई स्वतः टॉर्च घेऊन आल्या. पहिल्या दोन दगडांवर काहीच लागलं नाही. तिसऱ्याला टॉर्च डाव्या अंगाने धरली आणि आडनाव वर आलं. आधी 'आर', मग मागची अक्षरं. स्पेलिंग वेगळं आहे, पण उच्चार तोच. नाव स्त्रीचं आहे, खाली 'विधवा' आणि साल 1671. नवऱ्याच्या नावातलं पहिलं अक्षर तेवढं दिसतं.

हा पुरावा नव्हे, कळतंय मला. समीर, पूर्वजाचा शेजारी कोण होता ते बहिणीने टाउनच्या जमिनीच्या कागदांतून काढलंय, त्याचं मूळ गाव इथून चार मैलांवर लागलेलं आहे. मोडी_लिपी, परगण्याच्या दफ्तरात 1671 च्या पुढच्या पाच वर्षांची मृत्युपत्रं मागवली आहेत. गुरुवारची वेळ मिळाली.

सासऱ्यांना दगडाचा फोटो पाठवला. त्यांनी तो कागदावर मोठा छापून घेतला, आणि बहीण सांगते, रात्री दिव्याजवळ बसून भिंगातून एकेक अक्षर बोटाने गिरवत होते.